नवा कॅमेरा आणि कडेची माणसे



२०२४ च्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आखातातून सुट्टीवर आला तो देवळासाठी एक भेट घेऊनच. मुंबईस उतरल्यावर एका दुकानातून त्याने ती खरेदी केली होती. मिस्सा आटोपल्यावर वेदीमागील खोलीत आम्ही खोका उघडला. आत एक डिजिटल एसएलआर कॅमेरा होता, त्याच्याबरोबर मिळणारे नेहमीचे भिंग होते आणि निराळ्या डबीत आणखी एक भिंग होते. आखूड, रुंद तोंडाचे, पुढे काच फुगलेले. त्यास वाइड-अँगल लेन्स म्हणजे विशालकोनी भिंग म्हणतात. तो म्हणाला, "फादर, फेस्ताच्या दिवशी मागच्या भिंतीला पाठ टेकली तरी सगळी माणसं फोटोत मावत नाहीत. ह्यात मावतील बघा."

वाक्य साधे होते, परंतु माझ्या मनात ते घर करून राहिले. खेड्यातल्या धर्मगुरूस छायाचित्राची गरज कधी लागते हे मला ठाऊक आहे. लग्नाची छायाचित्रे काढणारे पैसे घेऊन येतात, आणि कार्ट्यांच्या खिशात आता मोबाइल असतात. गरज लागते ती माणूस गेल्यावर. अंत्यविधीच्या आदल्या रात्री कोणी नातेवाईक दारात येऊन विचारतो, "फादर, आमच्या आईचा एखादा फोटो तुमच्याकडे असेल का?" अशा वेळी फेस्ताच्या जुन्या चित्रांतून मी भिंगाखाली चेहरे शोधीत बसलेलो आहे. म्हणून हे यंत्र मी खेळणे म्हणून न घेता काम म्हणून घ्यावयाचे ठरविले, आणि कामास जुंपण्याआधी त्याची नीट परीक्षा करावी असे ठरविले.

यंत्राची ओळख थोडक्यात करून देतो. भिंगातून आलेला प्रकाश आत तिरप्या बसविलेल्या आरशावर पडतो, तेथून वर वळतो आणि डोळा लावावयाच्या खिडकीत येतो. म्हणजे ज्या भिंगातून चित्र निघणार त्याच भिंगातून आपण पाहत असतो. कळ दाबली की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो, आणि प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. पूर्वी तेथे फिल्म असे. माझ्या सेमिनरीच्या दिवसांत एका गुंडाळीत छत्तीस चित्रे बसत, आणि प्रत्येक वेळी कळ दाबताना खर्चाचा विचार करावा लागे. या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २२ मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर उंच, टपालाच्या लहानशा तिकिटाएवढा आहे; तेवढ्यात आडवे ६००० आणि उभे ४००० असे मिळून दोन कोटी चाळीस लाख ठिपके आहेत. एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. आरसा वर जातो त्या क्षणी खिडकीत अंधार होतो. नेमके ज्या क्षणी चित्र उमटते, त्याच क्षणी चित्र घेणाऱ्यास काही दिसत नाही.

आमच्या वेदीसेवक मुलांनी मला ताबडतोब सांगितले की हा प्रकार आता जुना झाला आहे. ते खरे आहे. कॅमेरे बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपले लक्ष आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळविले आहे. परंतु आरशाची ती 'खट्' कानाला बरी वाटते, आणि दान मिळालेल्या वस्तूची जात कोणी पुसू नये.

परीक्षेसाठी मला प्रयोगशाळा शोधावी लागली नाही. देवळाची उत्तरेची भिंत जांभ्या चिऱ्यांची, गिलावा नसलेली आहे. चिऱ्यांच्या आडव्या-उभ्या सांध्यांहून चांगला आलेख भिंग तपासणाऱ्यास मिळणार नाही. रेषा सरळ आहेत, त्या कडेपर्यंत सरळ दिसतात की वाकतात ते पाहावे. दगडावर बारीक छिद्रे आहेत, ती मध्यभागी जितकी स्पष्ट तितकी कोपऱ्यांत आहेत की नाहीत ते पाहावे. मी ट्रायपॉड रोवला, कॅमेऱ्याचे तोंड भिंतीस अगदी समांतर केले, आणि स्पर्शाने हादरा बसू नये म्हणून दहा सेकंदांनी आपोआप कळ दाबली जाईल अशी योजना केली.

पहिल्याच दिवशी दोष सापडला. चित्राची डावी बाजू स्वच्छ, तर उजवी बाजू पाण्यातून पाहिल्यासारखी अंधुक. प्रथम वाटले, माझेच उभे राहणे तिरपे झाले असेल. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा बसवून पुन्हा चित्र घेतले. दोष भिंतीचा किंवा माझ्या उभे राहण्याचा असता, तर भिंतीचा तोच भाग पुन्हा अंधुक आला असता. तसे झाले नाही. आता भिंतीचा दुसरा भाग अंधुक आला. म्हणजे भिंगातली एखादी काच आपल्या जागेवरून ढळली होती. वाटेत कोठे आपटले असेल. दुकानदाराने ते बदलून दिले, त्यात तीन आठवडे गेले. नवी वस्तू घेणाऱ्यास माझे एवढेच सांगणे आहे की, पहिली परीक्षा भिंतीवर करावी, माणसांवर करू नये.

बदलून आलेले भिंग चांगले निघाले. त्याचे नाभीय अंतर १० ते १८ मिलिमीटरपर्यंत बदलता येते. दहावर ठेवले असता ते आडव्या बाजूने सुमारे ९६ अंशांचा, म्हणजे काटकोनाहूनही मोठा, पट्टा एका चित्रात घेते. चिऱ्यांच्या रेषा कडेला पिंपासारख्या किंचित फुगतात, पण ते संगणकावर एका कळीने सरळ होते. आतील छिद्र पूर्ण उघडे ठेवले की कोपरे काळवंडतात. आठ आकड्यावर आणले की बरेच उजळतात. आंब्याच्या डहाळीमागे पांढरे आकाश असले तर पानांना जांभळट किनार येते. हे दोष क्षम्य आहेत. मनोऱ्याचे मात्र निराळे. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून कॅमेरा जरा वर झुकविला की मनोरा मागे कलंडतो, जणू आता पडतोच. तो सरळ हवा असेल तर कॅमेरा पाण्याच्या पातळीसारखा समतल धरावा लागतो, मग खालचे निम्मे चित्र रिकाम्या जमिनीने भरले तरी चालवून घ्यावे लागते.

यानंतरची परीक्षा मी धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन केली. त्यांचा फुटबॉल अंगणाच्या मधोमध ठेवून एक चित्र घेतले. मग तोच चेंडू त्याच रेषेत सरकवीत चित्राच्या अगदी कडेला नेऊन दुसरे घेतले. मध्ये चेंडू गोल दिसला. कडेला तो अंड्यासारखा आडवा ताणला गेला. मुलांनी पट्टी लावून संगणकाच्या पडद्यावर मोजले: रुंदी उंचीच्या जवळजवळ दीडपट! मुले हसली, व त्यांतील एकाने विचारले, "फादर, मोडला का लेन्स?"

लेन्स मोडलेला नव्हता. हा दोष भिंगाचा नव्हेच. एवढा मोठा देखावा सपाट कागदावर उतरवायचा म्हटल्यावर एक सौदा करावा लागतो. सरळ रेषा सरळ ठेवायची तर कडेचा गोल ताणावा लागतो, आणि गोल गोलच ठेवायचा तर रेषा वाकवावी लागते; दोन्ही एकाच वेळी साधत नाहीत. मी मुलांना वर्गातला जगाचा नकाशा दाखविला. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीचे दिसते. वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट मोठी आहे. पृथ्वीचा गोल सपाट करताना वरच्या कडेस तो ताण पडला आहे. दहा मिलिमीटरवर चेंडूचे जे होते तेच अठरा मिलिमीटरवर फारच थोडे होते. तेथे कडेचा गोल सहाव्या हिश्श्याच्या आसपास ताणला जातो, तो सहसा डोळ्यांत भरत नाही. हे सारे मी वहीत तारखेसह टिपून ठेवले. ती वही आता मला खटकते, ते का ते पुढे येईलच.

देवळाच्या आतील परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. दुपारी, कोणी नसताना, दारे लावून केली. लाकडी वेदी, बाके, जुन्या फरशीची चौकट, छताच्या तुळया असे सर्व एका चित्रात आले, आणि आमचे लहानसे देऊळ एखाद्या कॅथेड्रलएवढे लांब दिसू लागले. विशालकोनी भिंग जवळचे मोठे आणि दूरचे लहान करते, त्याचा हा परिणाम. जाता जाता एक गोष्ट मात्र लिहितो, कारण ती लग्नघरांना सांगून मी थकलो आहे. पवित्र मिस्सेच्या वेळी छायाचित्रे घेण्याने उपासनेत व्यत्यय येऊ नये, याची फार काळजी घ्यावी, असा आदेश रोमहून १९६७ च्या मे महिन्यात निघालेल्या, ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेविषयीच्या सूचनेत दिलेला आहे. तेव्हा फिल्मचे कॅमेरे होते. आज वधूवर शपथ घेत असताना तीन माणसे वेदीच्या पायऱ्यांवर चढतात, एक दिवा धरतो, आणि धर्मगुरूला "जरा बाजूला" असे खुणावले जाते. आमच्या देवळात हे आता चालत नाही. माझा स्वतःचा कॅमेराही मिस्सेच्या वेळी कपाटात असतो.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे लिहिले त्याकडे येतो.

संत फ्रान्सिस झेव्हियरच्या पवित्र अवशेषांचे दशवार्षिक दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत जुन्या गोव्यात झाले. त्या गर्दीत आमच्या म्हाताऱ्या माणसांना नेण्याचे धाडस मला झाले नाही. म्हणून फेब्रुवारीत, उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी, एक बस ठरवून आम्ही गेलो. एकूण त्रेचाळीस माणसे होतो, त्यांत सत्तरीपुढील एकोणीस. पेटी तोपर्यंत बॉं जेझूच्या महामंदिरात आपल्या उंच जागी परत गेली होती. खालूनच दर्शन घ्यावे लागले, परंतु कोणी कुरकुरले नाही. तेथून रस्ता ओलांडून आम्ही से कॅथेड्रलच्या हिरवळीवर आलो.

ज्यांनी हे मंदिर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्याचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले, आणि ते आलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनला अर्पण केलेले आहे. लांबी सुमारे ७६ मीटर. दर्शनी बाजूस मुळात दोन मनोरे होते. त्यांपैकी उत्तरेकडचा १७७६ मध्ये कोसळला व तो पुन्हा बांधला गेला नाही. तोंड पूर्वेस असल्यामुळे समोर उभ्या राहणाऱ्यास डावीकडे मनोरा दिसतो, त्यात ती प्रख्यात सोनेरी घंटा आहे; उजवीकडे नुसते आकाश.

मला तो सबंध दर्शनी भाग हवा होता: मनोऱ्याच्या टोकासकट, सरळ, न कलंडता. आणि त्याच चित्रात त्रेचाळीस माणसेही हवी होती. मी दहा मिलिमीटरवर भिंग ठेवले, कॅमेरा समतल धरला आणि माणसांना सहा मीटरांवर दोन रांगांत उभे केले. रांग बरोबर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत भरली. मागे सरकावयास जागा नव्हती असे म्हणता येणार नाही. मैदान मोकळे होते. अठरावर भिंग ठेवून वीस पावले मागे गेलो असतो तरी मंदिर आणि माणसे दोन्ही चित्रात मावली असती आणि कडेची माणसे ताणली गेली नसती. परंतु नव्या भिंगाचा मोह होता, ऊन चढत होते, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवीत होता.

उजव्या टोकाला आमच्या नदीकाठच्या वाडीतील एक आजी उभी राहिली. ऐंशीच्या घरात वय, हिरवी नऊवारी, हातात जपमाळ. मी म्हटले, "आजी, मध्ये या. पुढच्या रांगेत जागा आहे."

"ऱ्हाऊ दे हो फादर," ती म्हणाली, "मी आपली हितंच कडंला उभारते. माझा कशाला फोटो? पोरं येऊ द्यात की मधी."

मी पुन्हा आग्रह केला नाही. कडेला चेंडूचे काय होते हे त्या क्षणी मला माहीत नव्हते असे नाही. वहीत मोजमापासह लिहिलेले होते. मी डोळा खिडकीला लावला, मनोरा सरळ आहे ना ते पाहिले, आणि कळ दाबली. 'खट्' झाले.

चित्र सर्वांना आवडले. त्याची मोठी प्रत देवळाच्या दाराशी लावली, आणि महिनाभर लोक त्यात आपापले चेहरे शोधीत होते.

जुलैच्या पावसात ती आजी गेली. दोन दिवसांचा ताप, आणि नदीला पाणी असल्याने डॉक्टर वेळेवर पोहोचू शकले नाहीत. तेलाभ्यंग देण्यास मी गुडघाभर पाण्यातून गेलो, तेवढे साधले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मुलगा छत्री मिटीत दारात उभा राहिला. मला प्रश्न ठाऊक होता. घरात तिचे एकही छायाचित्र नव्हते. तिच्या लग्नात कॅमेरा आला नव्हता, मुलांच्या लग्नांत ती चुलीपाशी होती. एका ओळखपत्राची जुनी झेरॉक्स होती; तीत कपाळ व पदर एवढेच ओळखू येत होते. "तुमच्या त्या गोव्याच्या फोटोत आई आहे ना, फादर?" त्याने विचारले. "तोच मोठा करून द्या. भिंतीवर लावायचा आहे."

त्या रात्री वीज येत-जात होती. मी संगणकावर ते चित्र उघडून उजव्या कडेला गेलो. ती होती. परंतु चेहरा दीडपट रुंद झालेला, गाल ताणलेले, एक खांदा चित्राबाहेर ओढल्यासारखा. ज्यांनी तिला कधी पाहिले नव्हते, त्यांना ती एक लठ्ठ, काहीशी ओबडधोबड बाई वाटली असती. वास्तविक ती काटकुळी होती. रुंदीचा ताण संगणकावर दाबून कमी करता येतो. मी तो आकडा वहीतूनच घेतला, आणि हळूहळू तिचा चेहरा ओळखीचा झाला. दुसऱ्या अडचणीवर मात्र उपाय नव्हता. दहा मिलिमीटरच्या भिंगातून सहा मीटरांवरचा चेहरा उंचीला जेमतेम शंभर ठिपक्यांचा येतो. दोन कोटी चाळीस लाखांतून तिच्या चेहऱ्याच्या वाट्याला येऊन जाऊन काही हजार. बाकीचे मनोऱ्यावर, आकाशावर आणि गवतावर खर्ची पडले होते. चांगल्या छपाईस इंचाला तीनशे ठिपके लागतात. त्या हिशेबाने तिचा चेहरा करंगळीच्या नखाएवढा छापता येत होता. भिंतीवरच्या चौकटीएवढा केला तर इंचाला पंचवीस. चार पावले लांबून पाहिले तर माणूस, जवळ गेले तर नुसते चौकोन.

या कामी इटलीतील एका वकिलाची आठवण होते. सेकोंदो पिया असे त्याचे नाव. १८९८ च्या मे महिन्यात तुरीन येथे त्याने पवित्र कफनाचे पहिले छायाचित्र घेतले. पहिल्या खेपेस त्याला नीट साधले नाही. २८ मेच्या रात्री त्याने पुन्हा प्रयत्न केला, आणि काचेच्या उलट्या प्रतिमेत कापडावरचा चेहरा त्यास एकाएकी स्पष्ट दिसला. त्याला दुसरी खेप मिळाली होती.

मी मुलाला खरे ते सांगितले. चेहरा तळहाताएवढ्या कागदावर, जितका शोभेल तितकाच मोठा करून दिला, आणि त्यातील कमीपणा कोणाचा तेही सांगितले. "चालतंय की फादर," तो म्हणाला. त्याने ते चित्र दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिले आणि मग म्हणाला, "पदर असाच घ्यायची." महिन्याच्या मिस्सेला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते चित्र पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली, मोठ्या चौकटीत, भोवती रुंद पांढरा कागद सोडून लावलेले होते. त्या पांढऱ्या कागदाकडे मला फार वेळ पाहवले नाही.

ऑगस्टपासून ते विशालकोनी भिंग डबीत आहे. ते वाईट नाही. फेस्ताच्या मिरवणुकीला, देवळाच्या छताची दुरुस्ती दाखवायला, ते पुन्हा बाहेर निघेल. सध्या कॅमेऱ्यावर त्याच्याबरोबर आलेले साधे भिंग आहे, पंचावन्नवर ठेवलेले. त्याने चित्रात एकच माणूस येतो, आणि त्याच्यापासून दोन-अडीच मीटरांवर, म्हणजे बोलण्याच्या अंतरावर, उभे राहावे लागते. सत्तरीच्या पुढची एकसष्ट माणसे आमच्या धर्मग्रामात आहेत. नोंदवहीतून यादी काढली आहे. दर गुरुवारी एका वाडीत जातो. माणूस आपल्याच दारात, नेहमीच्या उजेडात. अडतीस झाली. कडेला कोणालाच उभे राहता येत नाही, कारण रांगच नसते.

काहींना मी नकोसा होतो. परवा एका आजोबांनी पाठ फिरविली. "फोटो काढला की माणूस जातो म्हणतात, फादर."

"न काढलेलेही जातात, आजोबा," मी म्हटले. ते हसले, आणि त्याच वेळी कळ दाबली गेली. दात नसलेले हसू आहे. सुनेला आवडले नाही, त्यांना आवडले.

येत्या गुरुवारी टेकडीखालच्या वाडीची पाळी आहे. सकाळच्या मिस्सेनंतर लगेच निघेन, कारण आठानंतर तिकडे ऊन थेट डोळ्यांवर येते. नवे लुगडे नेसण्याचे किंवा न्हाव्याकडे जाण्याचे कारण नाही. एवढेच करावे की, घरातल्या म्हाताऱ्या माणसास त्या दिवशी शेतावर पाठवू नये, आणि ती "माझा कशाला" म्हणाली तर तिचे ऐकू नये.